शर्यत शेवटच्या वळणाआधीच ठरते: जॉकीचा वेगाचा अंदाज कसा वाचावा

मुंबईत महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर पहिल्यांदा गेलेला माणूस शर्यतीचे फक्त शेवटचे २०० मीटर बघतो. तेव्हा सगळे उठून उभे राहतात, आवाज चढतो आणि एक घोडा मागून येऊन चौघांना मागे टाकतो. बघणाऱ्याला वाटतं, हाच सगळ्यात वेगवान. पण त्या घोड्याचा दम का उरला होता आणि पुढच्यांचा का संपला होता, याचं उत्तर बहुतेक वेळा ८००-१००० मीटर आधीच्या टप्प्यात असतं. ते उत्तर शोधायला शिकवणं एवढंच या लेखाचं काम आहे. पैसे लावायचे असोत वा नसोत, शर्यत अशी बघितली की ती दुप्पट समजते.

काय काय जवळ हवं

- त्या दिवसाचं रेसकार्ड. त्यात अंतर, गेट नंबर (सुरुवातीला घोडा ज्या कप्प्यातून सुटतो त्याचा), पाठीवर वाहायचं वजन, रेटिंग (घोड्याच्या कुवतीला दिलेला आकडा), जॉकी आणि घोड्याला झापडं लावणार आहेत का, हे बघायचं.
- प्रत्येक घोड्याच्या मागच्या चार-पाच शर्यतींचे व्हिडिओ. ते पूर्ण हवेत, नुसता शेवट नको.
- लॅपचं बटण असलेलं स्टॉपवॉच. मोबाइलमधलं चालतं.
- आठ पट मोठं दाखवणारी दुर्बीण. दहा पटीच्या वरची हातात थरथरते.
- रेसकोर्सचा नकाशा. स्टार्ट कुठे आहे, पहिलं वळण किती लांब आहे, शेवटचा सरळ पट्टा किती आहे, या तीन गोष्टी त्यावर खुणा करून ठेवा.
- वही. ती का, ते पायरी ७ मध्ये कळेल.

पायरी १: अंतर आणि वेळ यांची सांगड घाला

भारतात अंतर मीटरमध्ये मोजतात, पण जुने लोक अजून फर्लांग म्हणतात. एक फर्लांग म्हणजे २०१ मीटर, त्यामुळे २०० धरलं तरी बिघडत नाही. हे २०० मीटर चांगला घोडा शर्यतीत साधारण १२ सेकंदांत काढतो. १२ हा आकडा पाठ करून ठेवा. शर्यतीच्या मध्यात ११.५ दिसले तर वेग कडक आहे, १३ दिसले तर पुढचा जॉकी शर्यत झोपवतोय. पहिले २०० मीटर मात्र या हिशोबात धरू नका. घोडा गेटमध्ये उभा असतो, तिथून वेग धरायला एक-दीड सेकंद जादा जातो.

लेंग्थ म्हणजे घोड्याच्या अंगाची लांबी, सुमारे २.४ मीटर. कोरड्या हिरवळीवर सहा लेंग्थ म्हणजे एक सेकंद, ओल्यावर पाच, असा सोपा हिशोब ठेवा.

वर्तमानपत्रात सकाळच्या सरावाच्या वेळा ‘८००/५३, ६००/४०’ अशा छापतात. नवखे लोक इथे हमखास गोंधळतात. याचा अर्थ शेवटचे ८०० मीटर ५३ सेकंदांत आणि त्यातलेच शेवटचे ६०० मीटर ४० सेकंदांत. म्हणजे मधले २०० मीटर १३ सेकंदांत गेले. हे एकदा वजा करून बघितलं की घोडा शेवटी वाढत गेला की ढेपाळला, ते दिसतं.

पायरी २: वेग उधळला की दम का संपतो, ते समजून घ्या

भरधाव घोडा दर ढांगेला एक श्वास घेतो. पाय आणि फुप्फुसं एकाच तालावर चालतात. सेकंदाला सव्वादोन ते अडीच ढांगा पडतात आणि तेवढेच श्वास होतात. ताल मोडला की श्वासही मोडतो, म्हणून वेग सारखा वाढवणं-आवरणं घोड्याला फार महागात पडतं. त्यात हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दहा टक्क्यांनी वाढवला तर अडथळा एकवीस टक्क्यांनी वाढतो. सुरुवातीला दोन सेकंद जादा वेगाने पळून मिळवलेला फायदा शेवटी दोन सेकंदांतच फिटत नाही, तो व्याजासकट जातो.

याच कारणाने दुसऱ्या घोड्याच्या मागे राहणं ही मोठी बचत आहे. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या संशोधकांनी २०१२ मध्ये शर्यतीतल्या घोड्यांचा वेग आणि जागा मोजून दाखवलं, की इतरांच्या आडोशाने पळणाऱ्या घोड्याचा हवेचा अडथळा ६६ टक्क्यांपर्यंत कमी होतो. जॉकी घोडा ‘कव्हर’मध्ये ठेवतो म्हणतात, ते याचसाठी.

जॉकीची बैठकही यातच येते. आखूड रिकिबीवर उकिडवं उभं राहून पाठ आडवी ठेवायची पद्धत अमेरिकन जॉकी टॉड स्लोन याने १८९७ मध्ये इंग्लंडला नेली. ती रुळली त्या काळात तिथल्या शर्यतींच्या वेळा ५ ते ७ टक्क्यांनी सुधारल्या. जॉकीचे गुडघे स्प्रिंगसारखे काम करतात, त्यामुळे घोड्याला त्याचं वजन दर ढांगेला वर-खाली उचलावं लागत नाही. शेवटच्या १०० मीटरमध्ये दमलेला जॉकी खोगिराकडे खाली येताना दिसला, तर त्याच क्षणी घोड्यावरचं ओझं वाढलेलं असतं.

पायरी ३: शर्यतीआधी ‘कोण कुठे पळेल’ याचा तक्ता काढा

मागच्या शर्यतींचे व्हिडिओ लावा. पहिले ४०० मीटर संपतात तिथे व्हिडिओ थांबवा आणि प्रत्येक घोड्यापुढे एक अक्षर लिहा: पु (पुढे), ल (लीडरच्या लगत), म (मध्ये), शे (शेवटी). चार-पाच शर्यतींतून घोड्याची सवय कळते. मग मोजा:

- ‘पु’ एकही नाही किंवा एकच असेल, तर वेग मंद राहण्याची शक्यता जास्त. पुढच्याला शर्यत आंदण मिळू शकते.
- ‘पु’ तीन किंवा जास्त असतील, तर ते एकमेकांचा दम काढतील आणि मागच्यांना संधी मिळेल.
- ‘पु’ दोनच असतील, तर त्या दोघांचे गेट नंबर बघा. आतल्या गेटचा घोडा रेल (ट्रॅकच्या आतल्या कडेचं कुंपण) धरतो, बाहेरच्याला एक तर जोर लावून त्याच्यावरून जावं लागतं किंवा माघार घ्यावी लागते. कोणता जॉकी माघार घेईल हा खरा प्रश्न असतो. अनुभवी जॉकी कधी हट्ट सोडतो, ते त्याच्या जुन्या शर्यती बघूनच कळतं.

१००० आणि १२०० मीटरच्या शर्यतीत हा तक्ता सगळ्यात जास्त उपयोगी पडतो, कारण मागे राहिलेल्याला भरून काढायला अंतरच उरत नाही. पाच-सहा घोड्यांच्या छोट्या शर्यतीत लांब अंतरावर उलटं होतं. कोणीच पुढे जायला तयार नसतं, चाल मंदावते आणि शेवटचे ६०० मीटर म्हणजे नवीच शर्यत होते. फेब्रुवारीतल्या इंडियन डर्बीत हा धोका कायम असतो. बऱ्याच घोड्यांसाठी २४०० मीटरची ती पहिलीच वेळ असते, आणि दम पुरेल की नाही याची खात्री नसलेला जॉकी हात राखून बसतो.

पायरी ४: गेट उघडल्यावरचे २०० मीटर

गेट उघडायच्या आधी जॉकीचा एक हात घोड्याच्या आयाळीत असतो. उसळी घेताना लगाम ओढला जाऊन घोड्याचं तोंड दुखू नये म्हणून. इथे एवढंच बघा: घोडा सरळ निघाला का, आणि जॉकीने जागा ‘घेतली’ की ती त्याला ‘मिळाली’. कोपर हलवून, खांदे ढकलून मिळवलेल्या जागेची किंमत मोजावी लागते. घोडा आपल्या चालीने जाऊन बसला असेल तर ती जागा फुकटची. वहीत दोन्ही वेगळी लिहा.

पायरी ५: मधला टप्पा, जिथे खरी शर्यत असते

या टप्प्यात समालोचकसुद्धा नुसती क्रमवारी वाचत असतो, म्हणून प्रेक्षकांचं लक्ष उडतं. तुम्ही इथेच दुर्बीण लावा. घोड्यांवरून नजर काढा आणि जॉकींचे हात बघा.

समजा सात घोडे ८०० मीटरच्या खांबापाशी आहेत. पहिल्याचा जॉकी निवांत आहे, हात मानेवर टेकलेले, लगाम सैलही नाही आणि ताणलेलाही नाही. घोड्याचे कान पुढे-मागे हलतायत, म्हणजे तो आजूबाजूचं ऐकतोय, घाबरलेला नाही. तिसऱ्याचा जॉकी मागे रेलला आहे, दंड ताणलेले, घोड्याचं डोकं वर आणि तोंड उघडं. हा घोडा लगामाशी भांडतोय. वेग दोघांचा सारखाच दिसतो, पण तिसऱ्याचं इंधन भांडणात जळतंय. पाचव्याचे कोपर आताच पुढे-मागे व्हायला लागले आहेत. अजून ८०० मीटर बाकी आहेत आणि जॉकी ढकलायला लागलाय, म्हणजे तो घोडा संपल्यात जमा. ही तीन चित्रं ओळखता आली की अर्धं काम झालं.

भांडणाऱ्या घोड्याला शांत कसं करायचं, यात जॉकीची खरी कसोटी लागते. नवखा जॉकी आणखी ओढतो, आणि ओढलं की घोडा आणखी ओढतो. जाणता जॉकी हात खाली सोडतो, पकड ढिली करतो आणि घोड्याला दुसऱ्याच्या शेपटीमागे नेऊन ठेवतो. समोर मोकळं मैदान दिसेनासं झालं की बरेच घोडे आपोआप शांत होतात. झापडं पहिल्यांदा लावलेल्या घोड्याला मात्र हे जमणं कठीण. तो बहुधा उधळतो, त्यामुळे रेसकार्डवर ती खूण असेल तर त्याला तक्त्यात एक पायरी पुढे सरकवा.

पुढे असलेल्या जॉकीचं काम वेगळं. त्याच्या डोक्यात घड्याळ असतं. रोज पहाटे ट्रेनर ‘२०० मीटर १५ मध्ये आण’ सांगतो आणि वर्षानुवर्षं तेच करून सेकंदाच्या अर्ध्या भागापर्यंतचा अंदाज हातात बसतो. हा जॉकी मध्ये २०० मीटर १२.८ किंवा १३ मध्ये काढून चाल हळूच मोडतो. मागचे जॉकी एकमेकांकडे बघत राहतात. तो किती मंद जातोय हे लक्षात येईपर्यंत शेवटचं वळण आलेलं असतं आणि पुढच्याकडे पुरेपूर दम शिल्लक असतो.

याचं नामी उदाहरण म्हणजे अमेरिकेतली १९७८ ची बेलमॉन्ट स्टेक्स. १८ वर्षांच्या स्टीव्ह कॉथेनने अफर्म्ड या घोड्यावर पहिले सुमारे ८०० मीटर ५० सेकंदांत काढले. २४०० मीटरच्या शर्यतीत, तेही तिथल्या मातीच्या ट्रॅकवर, ही अगदी सुस्त चाल. अलिदार मागून येऊन त्याला भिडला, दोघे बरोबरीने कितीतरी अंतर पळाले, आणि अफर्म्ड एका डोक्याने, म्हणजे घोड्याच्या डोक्याएवढ्या फरकाने, जिंकला. पहिल्या टप्प्यात वाचवलेला दम शेवटच्या टप्प्यात कामी आला.

उलट उदाहरण २०२२ च्या केंटकी डर्बीचं. पहिले सुमारे ४०० मीटर २१.७८ सेकंदांत गेले आणि ८०० मीटर ४५.३६ मध्ये. दोन हजार मीटरच्या शर्यतीत ही आत्मघातकी चाल. पुढे पळालेला समर इज टुमॉरो सगळ्यात शेवटी आला. जिंकला रिच स्ट्राइक, भाव ८० ला १, म्हणजे तो जिंकेल असं जवळजवळ कोणालाच वाटत नव्हतं. जॉकी सोनी लिऑनने त्याला बाहेरच्या गेटमधून सोडलं, मागे ठेवलं, आतल्या बाजूला आणून अंतर वाचवलं आणि सरळ पट्ट्यात दमलेल्या घोड्यांमधून वाट काढली. मागून आला हे सगळ्यांना दिसलं. तो मागून येऊ शकला कारण पुढच्यांनी त्याची वाट आधीच मोकळी करून ठेवली होती.

पायरी ६: वळण आणि ‘फट’

वळणावर बाहेरून पळणं म्हणजे जास्त पळणं. अर्धवर्तुळाकार वळणावर रेलपासून प्रत्येक मीटर बाहेर गेलं की सुमारे ३.१ मीटर जादा पडतात. बाहेरचा घोडा रेलपासून तीन मीटर दूर असेल तर नऊ मीटरांहून जास्त, म्हणजे जवळजवळ चार लेंग्थ. चार लेंग्थने हरलेला घोडा वळणावर चौथ्या रांगेत होता का, हे बघितल्याशिवाय त्याला कमी लेखू नका.

पण रेलला राहण्यातही फसगत आहे. पुढचा घोडा दमून मागे येतो, शेजारी दुसरा असतो, आणि आतला घोडा कोंडला जातो. जॉकीला लगाम आवरावा लागतो. घोड्याचा ताल मोडतो आणि तो पुन्हा बसायला ५०-६० मीटर जातात. म्हणून बरेच जाणते जॉकी रेलपासून दुसऱ्या रांगेत, लीडरच्या खांद्यामागे राहणं पसंत करतात. दीड-दोन लेंग्थ जादा पडतात, पण बाहेर निघायची वाट हातात राहते. मंद चालीच्या शर्यतीत घोडे दाटीने पळतात, तिथे कोंडी जास्त होते. कडक चालीत रांग लांबते आणि आतून वाट मिळते. जागा आणि चाल या दोन गोष्टी वेगळ्या करून बघता येत नाहीत.

वळण संपताना आणखी एक बारीक गोष्ट बघा. दौडीत घोड्याचा एक पुढचा पाय दुसऱ्याच्या पुढे पडतो. वळणावर आतल्या बाजूचा पाय पुढे असतो. सरळ पट्ट्यात आल्यावर घोड्याने पाय बदलायला हवा, नाहीतर त्याच बाजूचे स्नायू दमत राहतात. पाय बदलला की घोडा किंचित झेपावल्यासारखा दिसतो. बदलला नाही तर शेवटच्या १५० मीटरमध्ये तो एका बाजूला कलतो. स्लो मोशनमध्ये हे स्पष्ट दिसतं.

पायरी ७: मुसंडी कधी मारली, ते मोजा

घोडा पूर्ण जोर फार तर २००-३०० मीटर टिकवतो. जॉकीने ६०० च्या खांबाला हाक दिली, म्हणजे पूर्ण जोर मागितला, तर तो शेवट येण्याआधीच संपतो, आणि २०० ला दिली तर बहुधा उशीर होतो. वहीत तीन आकडे लिहा: जॉकीचे कोपर कुठे हलायला लागले, चाबूक कुठे निघाला, घोड्याने प्रतिसाद कुठे दिला. पहिल्या आणि तिसऱ्यातलं अंतर मोठं असेल तर तो घोडा हळूहळू वेग धरणारा आहे, त्याला लवकर हाक द्यावी लागते. अशा घोड्यावर बसलेला जॉकी मंद चालीत थांबून राहिला, तर चूक जॉकीची.

मग शर्यतीचा वेग स्वतः मोजा. लीडर २०० मीटरच्या प्रत्येक खांबाला पोचला की लॅप दाबा. टीव्हीचा कॅमेरा तिरका असतो, त्यामुळे ०.२-०.३ सेकंदांची चूक होते. तीनदा मोजून मधला आकडा घ्या. एवढा खटाटोप नको असेल तर फक्त शेवटच्या ६०० मीटरची वेळ घ्या आणि हा हिशोब करा.

समजा १६०० मीटरच्या दोन शर्यती, दोन्ही १ मिनिट ३८ सेकंदांत संपल्या. सरासरी वेग सेकंदाला १६.३३ मीटर.

शर्यत ‘अ’ मध्ये शेवटचे ६०० मीटर ३८ सेकंदांत, म्हणजे १५.७९ चा वेग, सरासरीच्या ९६.७ टक्के. सुरुवात फार कडक होती. इथे पुढे पळून दोन लेंग्थने हरलेला घोडा वहीत ठळक लिहून ठेवा.

शर्यत ‘ब’ मध्ये शेवटचे ६०० मीटर ३५ सेकंदांत, म्हणजे १७.१४, सरासरीच्या १०५ टक्के. सुरुवात मंद होती. इथे शेवटून येऊन तीन लेंग्थवर पोचलेला घोडा लिहा. पुढे राहून जिंकलेल्या घोड्यापेक्षा त्याच्या जॉकीचं श्रेय जास्त.

घड्याळात वेळ एकच, पण दोन शर्यतींचा अर्थ उलटा. कोणता टक्का ‘नेहमीचा’ मानायचा हे प्रत्येक कोर्स आणि अंतरासाठी वेगळं असतं. एकाच अंतराच्या पंधरा-वीस शर्यती मोजल्या की तुमचा स्वतःचा मापदंड तयार होतो.

आदर्श चाल कशी असते ते बघायचं असेल तर सेक्रेटॅरिएटची १९७३ ची केंटकी डर्बी बघा. तो गेटमधून सगळ्यांच्या मागे निघाला. रॉन टरकॉटने त्याला घाई केली नाही. त्याचे ४०० मीटरचे पाच टप्पे असे: २५.२, २४, २३.८, २३.४, २३. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा वेगवान.

पायरी ८: जमीन बघा

पुण्याचा मोसम पावसाळ्यात असतो, मुंबईचा हिवाळ्यात सुरू होतो. महालक्ष्मीला फेब्रुवारीत चाललेली चाल पुण्यात ऑगस्टमधल्या ओल्या हिरवळीवर चालत नाही. जमिनीचा मऊपणा पेनिट्रोमीटरने मोजतात. आकडा जितका मोठा तितकी जमीन मऊ. मऊ जमिनीत सगळ्याच वेळा वाढतात, म्हणून १२ सेकंदांचं परिमाण त्या दिवशी बाजूला ठेवा आणि त्याच दिवसाच्या इतर शर्यतींशी तुलना करा. फॉल्स रेल (नेहमीच्या रेलच्या बाहेर लावलेली तात्पुरती रेल) लावली असेल तर वळणाचा घेरही बदलतो.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका

मागून आलेला घोडा ‘वेग वाढवत’ आला असं बहुतेक वेळा वाटतं. मोजून बघितलं तर बरेचदा तोही मंदावत असतो, फक्त पुढच्यांपेक्षा कमी.

घोड्यावर एकदा ‘पुढे पळणारा’ असा शिक्का मारला की तो पुसायला लोक तयार नसतात. अंतर वाढलं, जॉकी बदलला किंवा झापडं काढली की सवय बदलते. तक्ता दर शर्यतीला नव्याने काढा.

हरलेल्या घोड्याच्या जॉकीने ‘मुद्दाम ओढला’ असा आरोप लगेच करू नका. घोडा त्याच्या कुवतीप्रमाणे पळवणं नियमाने बंधनकारक आहे आणि स्टुअर्ड (शर्यतीवर देखरेख करणारे अधिकारी) प्रत्येक शर्यतीचं चित्रण बघतात. तुम्हीही समोरून घेतलेलं चित्रण बघा. बाजूच्या कॅमेऱ्यात ‘ओढलेला’ दिसणारा घोडा समोरून बघितला की बरेचदा दोघांमध्ये कोंडलेला निघतो.

आणि सगळ्या शर्यती एकाच दिवशी मोजायला बसू नका. पहिले दोन महिने दिवसाला एकच शर्यत घ्या, तीही १२०० मीटरची. पहिल्यांदा पूर्ण बघा, दुसऱ्यांदा फक्त लीडरचा जॉकी बघा, तिसऱ्यांदा फक्त ६०० च्या खांबापाशी थांबवून सगळ्यांचे कोपर बघा आणि वहीत लिहा.